खंडेनवमीला नो सिग्नल

सोयाबीन एकदा भिजलं की पोत्यातच कोंब धरतं.

फ्लेक्सवर अध्यक्षाचा चेहरा देवीच्या चेहऱ्यापेक्षा थोडा लहान असावा लागतो. थोडाच.

पंखा फिरतोय. दिवा लागलाय. दिसत काही नाही.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, आणि पूजेत मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत कुणी उचलत नाही.

सुप्याच्या कंपनीत आज पेढे आहेत.

काळ्या पडद्यात माणसाला फक्त स्वतःचं तोंड दिसतं, आणि ते अशा वेळी दिसतं की ज्या वेळी ते बघवत नाही.

"ताई, माजा फोटो जरा गोरा करा. पन माजाच. बाकीच्यांचे हायेत तसे ऱ्हाऊ द्या."

•

तर या सगळ्यांची एकमेकांशी गाठ पडली ती सोनईजवळच्या एका वस्तीवर, आप्पासाहेबांच्या घरातल्या मागच्या खोलीत. आणि ती गाठ सोडवायचं काम येऊन पडलं रोहिणीवर.

रोहिणी ही आप्पासाहेबांची सून. लग्नाआधी ती नगरला एका फ्लेक्सच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. माणूस कुठल्याही कारणाने फ्लेक्सवर येवो, त्याच्या पाठीमागे उगवता सूर्य लावायचं काम तिला झोपेतही जमायचं. मग तिचं लग्न झालं आणि सूर्य नगरलाच राहिला. आता तिला तेच काम घरून करायचं होतं. त्याला कॉम्प्युटर हवा, आणि कॉम्प्युटरला खोली.

खोली होती. पण तिच्यावर सोयाबीनचा दावा होता.

मळणी कालच उरकली होती. पोती ओट्यावर ताडपत्रीखाली अंग चोरून बसली होती, आणि आभाळ सकाळपासून कुणाशी तरी भांडून आल्यासारखं तोंड करून होतं. आप्पासाहेबांनी चहाची बशी खाली ठेवली आणि निवाडा दिला.

"सांजच्याला गडी येत्याल पोती आत टाकायला. तवर तुजा डबा चालला, पडद्यावर काय दिसलं, तर खोली तुजी. न्हाई दिसलं तर खोली सोयाबीनची. मंग फुडचं फुडं."

'फुडचं फुडं' म्हणजे कधीच नाही, हे त्या घरात मांजरालाही कळायचं. न्हाणीघराचं दार 'फुडचं फुडं' होऊन तिथे अजून गोणपाट होतं.

•

हा डबा रोहिणीने तयार आणला नव्हता. सुटे भाग मागवून स्वतः जुळवला होता. नगरच्या दुकानातला कॉम्प्युटर दर पंधरवड्याला बसायचा आणि त्याला उठवायला येणाऱ्या माणसाच्या मागे उभं राहून राहून तिला एक कळलं होतं, की आत फार काही नसतं. मोजक्या वस्तू. एकीची खाच, दुसरीची पट्टी. जावा-जावांसारखं नाही, जिथे बसायचं तिथे बसतात.

आप्पासाहेबांना हे मान्य नव्हतं.

"सुटं आनून कुटं मशीन होतं व्हय? म्हशीचे पाय येगळे आनले, शिंगं येगळी आनली, तर ती दूध देती का?"

"तुमची हिरीवरली मोटर तरी काय हाय?" गोजरबाई चुलीपासून म्हणाल्या. या आप्पासाहेबांच्या पत्नी, रोहिणीच्या सासूबाई, आणि या भानगडीत तिच्या बाजूने उभं असलेलं एकमेव माणूस. "खोळ एकाची, तांबं दुसऱ्याचं आन् आवाज तिसऱ्याचाच."

"ती चालती."

"हेबी चालंल."

रोहिणीचा नवरा रविराज सुप्याला कंपनीत होता आणि सुटीलाच घरी यायचा. त्याचं मत विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "तुम्ही दोघी आणि आप्पा मिळून काय ते ठरवा." म्हणजे मतदान झालं होतं आणि तो गैरहजर होता.

आदल्या संध्याकाळी रोहिणीने मागच्या खोलीत चादर अंथरली. प्रोसेसर बोर्डावर बसवला, बोर्ड डब्यात आवळला, आणि उरलेले भाग खोक्यांतून काढून चादरीवर ओळीने मांडून ठेवले. सकाळी अंघोळ करून आली आणि राहिलेले भाग बसवले. डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक दिसलं, खोक्यांवर बोटं दिसली. बरं वाटलं. मग तिने बाजूचं झाकण लावून स्क्रू पिळले, आणि नीट जोर लावून पिळले, कारण आपलं काम कुणी कच्चं म्हणू नये. गोजरबाई दारात उभ्याच होत्या. "झालं का? आण तो पेचकस, आप्पा पुजंला बसल्यात." पेचकस गेला. तो कोयता, खुरपी, पाने आणि पहारीच्या शेजारी, झेंडूच्या फुलाखाली जाऊन झोपला.

मग रोहिणीने बटन दाबलं.

•

पहिला संशय

पंखा फिरला. डब्याच्या कपाळावर निळा दिवा लागला. पडद्यावर एक चौकोन उगवला, त्यात 'नो सिग्नल' असं लिहून आलं, ते घडीभर इकडून तिकडे तरंगलं, आणि पडदा काळा झाला.

"फ्याज गेला," आप्पासाहेब म्हणाले.

"फेज गेला असता तर पंखा फिरला नसता, आप्पा."

"एक फ्याज गेला, एक हाय. मोटरीचं तसंच हुतं. गुरगुरती पन पानी वडत न्हाई." आणि त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. त्या खिशात टेस्टर असायचा. लग्नाला जाताना पेन विसरायचं, पण टेस्टर नाही. आज खिसा रिकामा होता. टेस्टर पूजेत होता. आप्पासाहेबांनी खिशाला नुसतंच थोपटलं आणि ते दुसरं काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर गेले.

दिवसभर तो हात असाच खिशाकडे जात राहिला आणि रिकामा परत येत राहिला.

•

वाल्मिक, अध्यक्ष, नवरात्र तरुण मंडळ: ताई झालं का

वाल्मिक: घाई नाही

वाल्मिक: प्रेसवाल्याने संध्याकाळपर्यंत फाईल मागितली. रातीत छापतो म्हणे. उद्या सकाळी चौकात लागलं पाहिजे

वाल्मिक: नाहीतर सोनईतल्या दुकानात देतो तसं सांगा. राग नाही

वाल्मिक: (फोटो)

वाल्मिक: हा नको, यात डोळे मिटलेत

वाल्मिक: (फोटो)

वाल्मिक: हा पण राहू द्या

•

दुसरा संशय, आणि त्याने केलेली करमणूक

केबल काढून लावली. तीच गत. दुसऱ्या टोकाने लावली. कीबोर्ड काढला, माउस काढला, नुसता डबा आणि पडदा ठेवला. बटन बराच वेळ दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पंखा इमानदारीत फिरायचा. निळा दिवा इमानदारीत लागायचा. रोहिणीला त्या दिव्याचा आता राग यायला लागला होता. घरात मयत झालेलं असताना हसून स्वागत करणाऱ्या पाहुण्यासारखा तो दिसत होता.

तिने रविराजला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे मशीनला हार घातलेला, आणि रविराजच्या तोंडात पेढा. त्याच्या खांद्यावरून आणखी दोन डोकी डोकावली.

"बंद करून चालू कर," रविराज म्हणाला.

"केलं."

"मग चालू करून बंद कर."

"वहिनी, बायोसचं बघा," एक डोकं म्हणालं.

"बायोस बघायला आधी काहीतरी दिसावं लागतं, भाऊजी."

"हां, ते पण आहे," डोकं म्हणालं आणि पेढ्याकडे वळलं.

मग गोजरबाईंनी शेजारच्या भागवतला हाक मारली. भागवत म्हणजे वस्तीवरचा डिशवाला. कुणाची छत्री वाऱ्याने फिरली, कुणाचा रिमोट दुधात पडला, की भागवत. तो आला तो दोन्ही हात पाठीमागे बांधून.

"हात लावनार न्हाई," त्याने उंबऱ्यातूनच जाहीर केलं. "आज हत्यार पुजंत हाय, आन् हात ह्ये बी हत्यारच. तोंडानं काय सांगायचं ते सांगतो."

"तोंडानं तर तू वर्षभर सांगतो," आप्पासाहेब म्हणाले.

"वैनी, आधी पडदा चोर हाय का डबा चोर, ते बगा. टीव्हीचा बॉक्स आना. तो ह्या पडद्याला जोडा."

हे मात्र खरं शहाणपणाचं होतं. रोहिणीने माजघरातला सेट टॉप बॉक्स आणून जोडला. पडदा भकन उजळला. त्यावर एक बाई पनीर तळत होती. इतका स्वच्छ रंग त्या घरातल्या टीव्हीवर कधी आला नव्हता. पनीरच्या कडेचा प्रत्येक बुडबुडा वेगळा दिसत होता.

सगळे खाली बसले.

"आरं, दिसलं की!" आप्पासाहेब म्हणाले.

"आप्पा, हा टीव्ही आहे."

"दिसलं ना पन?"

"मंग खोली पोरीची," गोजरबाई पट्कन म्हणाल्या. "तुमीच म्हनला, पडद्यावर काय दिसलं तर."

आप्पासाहेबांच्या लक्षात आलं की आपण बोलून चुकलो. "न्हाई न्हाई. ह्ये धरायचं न्हाई. ह्ये टीव्हीचं दिसनं हाय. डब्याचं दिसलं पायजे."

"आसं म्हनला न्हवता."

"मनात हुतं."

खरं तर रोहिणी तिथल्या तिथे खोली पदरात पाडून घेऊ शकली असती. पण पनीर तळणाऱ्या बाईच्या जिवावर वाल्मिकचा फ्लेक्स होणार नव्हता, आणि फुकटात मिळालेल्या खोलीत रोज जाऊन काळ्या पडद्यासमोर बसण्यापेक्षा सोयाबीन बरं. "नको आत्या," ती म्हणाली, "डब्याचंच दिसू द्या."

आणि तिने बॉक्सची केबल उपटली. भागवत आणि आप्पासाहेब दोघेही एकदम "आं!" असं म्हणाले. पनीर उलटायच्या बेतात होतं.

"पडदा साव हाय," भागवतने निकाल दिला. "चोर डब्यात. खोला."

"कशाने?"

भागवतने पाठीमागचे हात आणखी घट्ट बांधले.

•

"आत्या, पेचकस?"

"पुजंत."

"मोटरसायकलच्या डिकीतला बारका?"

"मोटरसायकलच पुजंत."

"टेस्टर?"

"त्याचं नाव काडू नगं, आप्पा हळवे झाल्यात."

"बरं, सुरी?"

"पुजंत."

"विळी?"

"पुजंत."

"मग सकाळची भाजी कशी चिरली?"

"कालच चिरून ठिवली."

"भागवतभाऊजी, तुमच्याकडचं?"

"दुकानात मांडलंय समदं. वर नारळ हाय. नारळ हलला तर वर्षभर छत्र्या हलत्यात."

"आत्या, मी देवासमोर हात जोडून सांगते. अडचण आहे, पेचकस घेते, काम झालं की परत ठेवते."

गोजरबाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "देवाचं काय न्हाई गं. देव समजून घेतो. आप्पा न्हाई घेत."

नगरात असं नसतं, हे रोहिणीला माहीत होतं. तिथे सकाळी मशीनला हार घालतात आणि दुपारी हार वर सरकवून छपाई सुरू करतात. पण इथे ते बोलण्यात अर्थ नव्हता. आप्पासाहेबांच्या मते नगर बिघडलं ते तिथूनच.

तिने झाकणाचे स्क्रू बोटांनी फिरवून पाहिले. सकाळी स्वतःच पिळलेले. रोहिणीचं काम पक्कं होतं. अंगठ्याची साल निघाली, स्क्रू जागचा हलला नाही. स्क्रूच्या डोक्यावर एक आडवी खाच होती. तिने नाण्याचा प्रयत्न केला, नाणं जाड. कंगव्याचा दात मोडला. आणि मग तिच्या पर्समधून, पावडरच्या डबीखालून, नेलकटर निघाला. त्याला आतून एक पातळ कानस घडी घालून ठेवलेली असते, ती.

"ते हत्यार हाय का?" भागवतने शंका काढली.

आप्पासाहेबांनी तो प्रश्न गंभीरपणे घेतला. नेलकटर तळव्यावर घेऊन त्यांनी उलटापालटा केला. एवढं धातूचं काहीतरी हातात आलं म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं असावं. "धार हाय ह्येला."

"नखं काडायचं हाय ते!" गोजरबाई कडाडल्या. "देवीच्या फुडं नखं काडायचं मांडू का? आना हिकडं."

म्हणजे हत्यार नाही, असं ठरलं. त्या वर्षीच्या खंडेनवमीला वस्तीवर वापरलं गेलेलं एकमेव अवजार ते. बाहेर वाऱ्याने ताडपत्रीचा कोपरा उडाला, तसे आप्पासाहेब आणि भागवत तिकडे पळाले. ताडपत्री धरायला भागवतला हात सोडावे लागले. त्याला पर्याय नव्हता.

•

संशय नसलेला भाग

खोलीत दोघीच राहिल्या. कानस खाचेत बसली. पहिला स्क्रू कुरकुरत सुटला. झाकण निघालं.

"आता बटन दाबा आत्या."

गोजरबाईंनी एका बोटाने, विंचू दाबावा तसं बटन दाबलं. पंखा फिरला. आणि आत, बोर्डाच्या कडेला, झाकण असताना दिसत नव्हता असा एक बारीक नारिंगी दिवा पेटला. शेजारी तिळाएवढी अक्षरं होती. रोहिणीने डोकं आत घातलं. डीरॅम.

म्हणजे मेमरीची पट्टी. चादरीवर मांडलेल्या सगळ्या वस्तूंत ही सगळ्यात लहान, वीतभर लांब, बोटभर रुंद, खालच्या कडेला सोनेरी दातांची ओळ. पण बोर्डाला ती सापडली नाही, की बोर्ड जागच्या जागी रुसून बसतो. पुढचं काही करत नाही. पडद्याला हाकसुद्धा मारत नाही.

"कळलं," रोहिणी म्हणाली. "आत्या, एवढंच आहे. नीट बसली नसेल."

तिने वीज बंद केली, दोन्हीकडच्या खिट्ट्या उघडल्या आणि पट्टी वर ओढून खिडकीकडे धरली.

सकाळी बसवताना न बघितलेल्या मागच्या बाजूला सोनेरी दातांवरून हळद-कुंकवाची बोटं ओढलेली होती. ठसठशीत. हळद आधी, कुंकू वरून. तेलात कालवलेलं.

बाहेर गड्यांचे आवाज यायला लागले होते.

"तू न्हानीत हुतीस," गोजरबाई म्हणाल्या. "समदं वळीनं मांडलेलं. म्हनलं, आप्पाचा कोयता पुजायचा, भागवतची पकड पुजायची, मंग माज्या सुनंची हत्यारं का न्हाई? समद्यांना लावलं. खोक्याला लावलं. आन् हिला सोन्याचे दात दिसले, म्हनलं, ह्या समद्यांत ही देवी आसंल. म्हून हिला जरा जास्त."

रोहिणीला हसू आणि रडू एकदमच आलं आणि दोघांची दारात चेंगराचेंगरी होऊन कुणीच बाहेर पडलं नाही. तिने टेबलावरचं खोडरबर उचललं. सोनेरी दात खोडरबराने घासले की साफ होतात, हे नगरच्या दुकानात तिने कितीदा पाहिलं होतं. ती घासणार तोच गोजरबाईंनी तिचं मनगट धरलं.

"काय करती?"

"पुसते."

"कुकू? सवाशिणीनं? नवमीच्या दिवशी?"

"आत्या, हे कपाळ नाही. पट्टी आहे."

"कपाळ आसू दे न्हाईतर पट्टी. आपन लावलेलं कुकू आपल्या हातानं पुसायचं आसतं व्हय? घरातलं मानूस पोटाला बाहेर हाय."

ही काही आप्पासाहेबांसारखी अडवणूक नव्हती. ज्या बाईने या डब्यासाठी महिनाभर नवऱ्याशी वाद घातला, तिच्याच बोटांनी तो बंद पडला होता, आणि आता तो सुरू करायचा तर तिला जिची सगळ्यात भीती वाटते तीच गोष्ट करायची होती. रोहिणीने खोडरबर खाली ठेवलं.

"मग तुम्हीच सांगा. गडी आलेत."

गोजरबाईंनी पट्टीकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"उत्तरपूजा," त्या म्हणाल्या. "गणपतीला बोळवताना काय करतो? अक्षता टाकल्या, देवपन उतरलं, की मंग त्याला उचलता येतं. मंग त्याच्या अंगावरलं ते कुकू न्हाई ऱ्हात. ते निर्माल्य हुतं. निर्माल्य काडायला काय हरकत न्हाई."

"करा मग."

"आणते तांदूळ."

"आत्या, लांबून! डब्यात एक दाणा गेला तर पुन्हा उत्तरपूजा डब्याची."

डब्यावर टॉवेल टाकला. रोहिणी खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तळहातावर पट्टी घेऊन उभी राहिली. गोजरबाईंना मंत्र येत नव्हता. तो गुरवाकडे असतो. त्यांनी डोक्यावर पदर घेतला, हळदीचे तांदूळ टाकले आणि आपल्याच शब्दांत म्हणाल्या, "आमी बोलावलं, तू आलीस. आता सुटी. तुज्यावर पोरीचं काम अडलंय, ते कर, आन् फुडच्या नवमीला परत ये. तवा तुला लांबूनच ववाळीन."

मग रोहिणीने घासलं. लाल-पिवळा चुरा कागदावर पडला. गोजरबाईंनी तो पुडीत बांधून तुळशीखाली ठेवायला नेला. परत आल्या तेव्हा पट्टीचे दात लखलखत होते. रोहिणीने ती खाचेवर धरून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्. दुसरीकडून, खट्.

बटन.

नारिंगी दिवा लागला, विझला. पडद्यावर काळोखच. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं भलंमोठं चिन्ह उजळलं, आणि मागोमाग एक इंग्रजी पान.

"काय लिवलंय?" गोजरबाईंनी कुजबुजत विचारलं.

"सगळे भाग सापडले, असं लिहिलंय."

•

दारात आप्पासाहेब होते. त्यांच्यामागे कानिफनाथ नावाचा गडी होता आणि त्याच्या पाठीवर पोतं होतं.

आप्पासाहेब पडद्याकडे बघत राहिले. पनीर नव्हतं, म्हणजे हे डब्याचंच. "लागलं व्हय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आनंद होता तो त्यांनी लगेच गिळला. "काय झाल्तं?"

गोजरबाईंनी मान खाली घातली. रोहिणीने ते पाहिलं.

"माझंच चुकलं, आप्पा. एक पट्टी नीट बसली नव्हती."

"बगा!" आप्पासाहेब एकदम उंच झाले. "बगा म्हंजी! मी काय म्हनत हुतो? सुटं ते सुटंच. आज बसली, उद्या उटंल. रोज उटून काय पट्टीच बसवनार का? ह्येच्या भरवशावर खोली द्यायची? ह्ये दिसलं ते दिसलं न्हवं, ह्ये नुसतं चमकलं. कानिफ, टाक आत."

कानिफनाथने पाय उचलला.

"थांब रं," गोजरबाई म्हणाल्या.

कानिफनाथ एका पायावर थांबला.

"पट्टी पोरीनं बराबर बसवली हुती. म्या तिला कुकू लावलं. दातांवर. त्यानं बंद पडलं." एवढं बोलून त्यांनी मान वर केली, आणि मग ती पुन्हा खाली गेली नाही. "जुळनी पक्की हुती. माजी पूजा कच्ची निगाली. आता बोला काय बोलायचं ते. पन मला बोला."

आप्पासाहेबांना बोलायला एवढं मिळालं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना. मग त्यांना एकदम सापडलं.

"म्हंजी त्याची पूजा झालेली हाय?"

"व्हय."

"नवमीची?"

"व्हय."

"मंग ते आज चालवायचंच न्हाई! पुजंतलं हत्यार हाय ते. बंद करा! उद्या बगू. कानिफ, टाक."

"आप्पा, एकदा काय ते ठरवा," कानिफनाथ म्हणाला. "पाठीवर हाय."

"उत्तरपूजा केली म्या त्याची," गोजरबाई म्हणाल्या.

"एकट्याची?"

"एकट्याची."

"आसं एकट्याचं कुटं आसतं व्हय?"

"जत्रंला गेल्यावर समदे संगंच परत येत्यात का? ज्याचं काम आसंल तो आदी निगतो."

आप्पासाहेबांचा हात खिशाकडे गेला, रिकामा खिसा चाचपून तिथेच थांबला. आणि मग सकाळपासून सगळ्यांना पूजेचे नियम सांगणारा तो माणूस एकदम खालच्या सुरात, जवळजवळ लाडात म्हणाला,

"मंग माज्या टेस्टरची बी कर की."

"न्हाई."

"का?"

"त्याचं काय काम अडलंय आज?"

फेज सगळे जागेवर होते. भागवत दारामागून हसला. आपल्याला कुणी पाहिलं नाही असं समजून त्याने हात पुन्हा पाठीमागे नेले.

पत्र्यावर पहिले थेंब वाजले.

"आप्पा," कानिफनाथ म्हणाला, "पाठ."

"माजघरात टाक," आप्पासाहेब म्हणाले. "माज्या कॉटंच्या दोन्ही बाजूनं लाव. आन् ह्या खोलीत कुनी पाय द्यायचा न्हाई. वल्या पायानं तर न्हाईच. आत तिचं मशीन हाय."

•

रोहिणीने पेन ड्राइव्ह लावला. विंडोज चढत गेलं, टक्के वाढत गेले, आणि आप्पासाहेब दाराशी स्टूल टाकून ते टक्के मोठ्याने वाचत बसले, शेजारी भागवत. त्यांना पनीरपेक्षा ते बरं वाटलं. माजघरात पोती छतापर्यंत चढली आणि कॉटवर जायला वाट राहिली नाही. रात्री आप्पासाहेब पायथ्याकडून सरपटत आत गेले, आणि सोयाबीनच्या वासाने आपल्याला छान झोप लागते असं त्यांनी दुसऱ्या दिवशी न विचारता चौघांना सांगितलं.

फाईल प्रेसला वेळेत गेली. दसऱ्याच्या सकाळी फ्लेक्स चौकात लागला. देवी, खाली वाल्मिक, गोरा. बाकीचे होते तसे.

वाल्मिक: ताई एक नंबर

वाल्मिक: फक्त मागचा सूर्य माझ्यापेक्षा थोडा मोठा झालाय

वाल्मिक: पुढच्या वेळी बघू

आदल्या वर्षी त्या मागच्या खोलीत ठेवलेलं हरभऱ्याचं बियाणं उंदरांनी पोत्यांसकट खाल्लं होतं; म्हणजे सोयाबीनला ती खोली तशीही नकोच होती.